तुर्भ्यातून स्की-शर्यतीला: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. तुर्भ्यात बर्फ नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी पहाटे साडेतीनला बाजार समितीच्या आसपास येऊन उभं राहावं. भुसा चिकटलेल्या लाद्या टेम्पोतून घसरत खाली येतात, पोरं टोच्याने त्यांचे तुकडे पाडतात, आणि उजाडायच्या आत तो बर्फ मासळीवाल्यापासून सरबतवाल्यापर्यंत सगळ्यांकडे पोचलेला असतो. शीतगृहांत काश्मीरचं सफरचंद शून्याच्या आसपास निजलेलं असतं, मटार उणे अठराला. म्हणजे बर्फ आहे, थंडीही आहे. नाही तो फक्त उतारावर अंथरलेला बर्फ. एवढ्याशा उणिवेसाठी कुणी ऑलिम्पिक सोडत नाही.

मी फळबाजारात एका गाळ्यावर वह्या लिहितो. स्कीशी माझा संबंध आला तो भाचीमुळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती सातवीत होती. बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा झेंडा घेऊन आरिफ खान चालला. भारताकडून खेळणारा तो एकटाच. टंगमर्गचा. "मामा, तुमच्या पेट्यांवर बारामुल्ला लिहिलेलं असतं, तिथलाच ना हा?" तिथलाच. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, त्यामुळे चौथ्या वर्षी पोरगा बर्फावर. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला आणि स्लॅलममध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला. भाचीने टीव्ही बंद केला आणि आपण हेच करणार असं जाहीर केलं. ताईने विचारलं, "हेच म्हणजे? बाहेर पडायचं?"

पुढच्या चार वर्षांत मला जे कळलं ते इथे देतो. ज्यांच्या घरात असं काही जाहीर होईल, त्यांच्या उपयोगी पडेल.

खेळ काय आहे

डोंगरउतारावर लाल आणि निळ्या काठ्यांची गेटं रोवलेली असतात, आलटून पालटून. प्रत्येक गेटातून जायचं, एकही चुकवायचं नाही आणि सगळ्यांच्या आधी खाली पोचायचं. काठ्या जवळ जवळ असल्या की स्लॅलम, लांब लांब असल्या की जायंट स्लॅलम. त्याच्या वर सुपर-जी आणि डाउनहिल. त्यांत वेग ताशी शंभराच्या पुढे जातो, म्हणून ते आपण टीव्हीवर बघायचं. स्लॅलमची एक फेरी साधारण मिनिटभराची. दोन फेऱ्या होतात, दुसरीत काठ्या नव्याने रोवतात, आणि दोन्ही वेळांची बेरीज करतात. वर्षभर केलेलं सगळं त्या दोन मिनिटांत मोजलं जातं.

वहीवाल्याच्या नजरेला एक गोष्ट लगेच दिसली. वर्षाचे उरलेले पाच लाख पंचवीस हजार आणि काही मिनिटं तर तुर्भ्यातच काढायची आहेत. ती नीट काढली म्हणजे झालं.

थांबणं आणि वळणं

पहिल्या दिवशी शिकवतात ते थांबायला. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची. परदेशी मास्तर लहान मुलांना ओरडून सांगतात, "पिझ्झा!", आणि सरळ जायचं असेल तेव्हा, "फ्रेंच फ्राइज!" आपल्याकडे हे आधीपासून आहे. थांबायचं तेव्हा भाकरीचा चतकोर, जायचं तेव्हा शेवग्याच्या दोन शेंगा. भाचीने भाजीबाजारातून खरोखर दोन शेंगा आणून जेवणाच्या टेबलावर आठवडाभर सराव केला. शेवटी ताईने त्या आमटीत घातल्या.

वळण मात्र टेबलावर जमत नाही, त्याला बस लागते. स्कीचा पहिला नियम असा की वळताना भार बाहेरच्या पायावर द्यायचा. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर. माणसाचं मन उलट सांगतं. त्याला डोंगराकडे, आतल्या बाजूला कलायचं असतं, आणि तसा कलला की तो पडतो. हे समजून घ्यायला तुर्भे नाक्याला एनएमएमटीच्या बसमध्ये चढा, गर्दी नसताना, आणि दांडा न धरता उभे राहा. बस वळते, अंग बाहेर फेकलं जातं, आणि बाहेरचा पाय आपोआप जमिनीत रुततो. वीस वर्षं या बसने येणारी कुठलीही बाई, एका हातात डबा आणि दुसऱ्यात पोर घेऊन, जगातलं उत्तम जायंट स्लॅलमचं वळण घेत असते. कंडक्टर भाचीवर ओरडला, "दांडा धर ना!" तिने सांगितलं, सराव चाललाय. मग त्याने आणखी काही सांगितलं ते लिहीत नाही.

जरा पुढे गेलात की चाकांचे स्केट्स घ्या. स्लॅलमचा रस्त्यावरचा भाऊही आहे, इनलाइन अल्पाइन नावाचा. त्यातही काठ्या, त्यातही घड्याळ, फक्त बर्फाऐवजी डांबर. पडल्यावर फरक कळतो.

पाय

वळणावर स्कीपटूच्या पायांवर स्वतःच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो, तोही गुडघे वाकलेले असताना, आणि एका फेरीत पन्नास-साठ वेळा. असा व्यायाम शिकवणारे लोक परदेशात महागडे असतात. आमच्या गल्लीत ते पहाटेपासून फुकट बघायला मिळतात. माथाडी कामगार पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमधून उतरतो तेव्हा नीट बघा: गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जात नाही, नजर दोन पावलं पुढे, पाठ सपाट, आणि उतरताना धक्का मांडी पिते. भाचीला मी त्यांच्यातल्या एका वयस्क मामांकडे नेलं. त्यांनी तिला खाली बसून उठायला सांगितलं. पाच वेळा बघून म्हणाले, "पोरी, उठताना जोर करतेस. जोर बसताना करायचा." पुढे एका प्रशिक्षकाने हेच अर्ध्या तासात समजावलं.

शीतगृहात सराव करू नये. आम्ही केला. स्कीचा ताठ बूट घालून, हनुवटी गुडघ्याजवळ आणून ती सफरचंदांच्या रांगांमध्ये अंडं होऊन बसली होती. रात्रपाळीच्या माणसाला वाटलं, कुणी आत अडकून गोठलंय.

धार

इथे थोडं थांबतो, कारण मला या खेळात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. शर्यतीचा उतार म्हणजे भुसभुशीत बर्फ नव्हे. तो मुद्दाम टणक केलेला असतो. ऊन पडून बर्फ मऊ झाला तर आयोजक त्यावर चक्क मीठ टाकतात. मीठ थोडा बर्फ वितळवतं, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या बर्फातून खेचली जाते, आणि सगळं मिळून पुन्हा घट्ट गोठतं. कुल्फीवाला मटक्यात हेच करतो. खाडीकाठच्या माणसाला मिठाचे गुण सांगायला नकोत.

अशा पृष्ठभागावर टिकायला स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते आणि तिला धार लागते. काटकोनापेक्षा किंचित टोकदार, सत्त्याऐंशी अंशांच्या आसपास. ती कानशीने लावायची. जनता मार्केटच्या बाजूला सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे एक चाचा बसत. मी वापरलेली, हातोहात फिरलेली एक जोडी त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी स्की उभी धरली, डोळ्याशी नेली, अंगठा आडवा फिरवला, आणि चाकाला लावायला साफ नकार दिला. "चाक खूप खातं. ही हाताने होते." मग कानस कशी धरायची ते दाखवलं: दोन्ही अंगठे पात्यावर, एकाच दिशेने, टोकापासून शेपटीकडे, लांब आणि एकसारखा दाब, मागे ओढताना उचलायची. आवाज ऐकायचा. खरखर येत असली तर कड खडबडीत आहे, सूं असा सलग आवाज आला की झालं. धार आली का हे बघायला नखाची पाठ कडेवर हलकेच आडवी ओढायची. नखाचा पांढरा भुगा निघाला तर आली. मला तो अंगठ्याच्या नखावरचा पांढरा भुगा अजून आठवतो. लग्नातल्या अक्षता झटकाव्यात तसा चाचांनी तो झटकला आणि वीस रुपये मागितले.

तळाला मेण. ते इस्त्रीने वितळवून पसरायचं, गार झालं की पातळ पट्टीने जवळजवळ सगळं खरवडून काढायचं, मग ब्रश. नवशिक्याला वाटतं की काढायचंच तर लावलं कशाला. उरलेलं बारीक छिद्रांत मुरतं, काम तेच करतं. इस्त्री वेगळी विकत घ्या. ताईच्या इस्त्रीला हात लावू नका. मी लावला होता, आणि त्यानंतरच्या शनिवारी एक नारायणपेठ या खेळासाठी कामी आली.

हिशेब

आता माझ्या हद्दीतलं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींत खेळाडूला सोळाव्या वर्षाच्या आसपास उतरता येतं, आणि मग त्याला गुण मिळू लागतात. पण हे गुण शाळेतल्यासारखे नाहीत, जितके कमी तितके चांगले. जगात पहिला असेल त्याचे शून्य. मी ताईला सांगितलं, हे गुण नव्हेत, ही उधारी आहे.

उधारी काढायची अशी. तुमच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागा, एक वजा करा, आणि खेळाच्या ठरलेल्या आकड्याने गुणा. स्लॅलमचा आकडा ७३०, जायंट स्लॅलमचा १०१०. समजा विजेत्याला दोन्ही फेऱ्या मिळून १०० सेकंद लागले, तुम्हाला ११२. म्हणजे बारा टक्के जास्त. ७३० चे बारा टक्के ८७.६. त्यात दंड मिळवायचा. तो शर्यतीत किती चांगले खेळाडू उतरले होते त्यावर ठरतो: शर्यत जितकी फुटकळ, दंड तितका जाड. दंड ६० धरला तर झाले १४७.६. बीजिंगसाठी छोट्या देशांच्या खेळाडूला १६० च्या आत यावं लागत होतं. म्हणजे विजेत्यापेक्षा बारा सेकंद मागे राहूनही माणूस ऑलिम्पिकला जाऊ शकला असता. हे ऐकून भाचीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी लगेच सांगितलं की बारा सेकंदांत तुर्भ्याहून सानपाड्याची गाडी सुटते.

आणि या उधारीला व्याज आहे. ज्याची उधारी कमी तो आधी सुटतो, त्याला गुळगुळीत उतार मिळतो. तुम्ही साठावे सुटलात तर आधीच्या एकोणसाठ जणांनी प्रत्येक काठीभोवती चर पाडलेला असतो, आणि त्या चरातून जाताना तुम्ही आणखी मागे पडता. कुठल्याही अडत्याला विचारा, पैसा कसा चालतो ते तो याच शब्दांत सांगेल.

शर्यती कुठे मिळतात ते विचारू नका. जिथे स्वस्तात मिळतात तिथे जायचं. आरिफचं २०१८ चं ऑलिम्पिक पैशांअभावी हुकलं. २०२२ च्या स्लॅलमची पात्रता त्याने मिळवली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये दुबईला, वाळवंटातल्या मॉलच्या आत बांधलेल्या उतारावर. चारशे मीटर लांब, साठ मीटर उंच, बाहेर ऊन. जायंट स्लॅलमची पात्रता पुढच्याच महिन्यात माँटेनेग्रोत. घानाच्या क्वामे एन्क्रुमा-अचेम्पाँगने तर इंग्लंडमध्ये अशाच एका बंदिस्त उतारावर स्वागतकक्षात नोकरी करता करता स्की शिकून घेतली आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला स्लॅलम पूर्ण करून दाखवली. तेव्हा शीतगृहाच्या मालकाशी संबंध चांगले ठेवा. आज ना उद्या त्याला उताराची कल्पना सुचेल.

कुर्ल्याच्या मॉलमध्येही बर्फ आहे. उतार असा की बटाटा सोडला तर विचार करत बसेल.

सीझन

महाराष्ट्राची पोरं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत पदकं आणतात, पण ती मुख्यतः बर्फावरच्या स्केटिंगमध्ये. स्केटिंगला सपाट जागा पुरते. डोंगराच्या खेळासाठी गुलमर्ग, औली किंवा मनालीच गाठावं लागतं. आणि तिथला सीझन जानेवारी ते मार्च.

दहावीची परीक्षा कधी असते ते मराठी पालकांना सांगायला नको. २०२५ मध्ये भाची दहावीला होती. खेलो इंडियाचे गुलमर्गचे सामने २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते. बोर्डाचा पहिला पेपर २१ ला. ती काही त्यात खेळणार नव्हती, आजही तिची तेवढी लायकी नाही, पण नुसतं बघायला जायचं म्हणून घरात पंधरा दिवस अबोला होता. मग बातमी आली की सामने पुढे ढकलले. कारण? गुलमर्गला बर्फ नाही. शेवटी ते ९ ते १२ मार्चला झाले, तेव्हाही परीक्षा चालूच होती. पण फेब्रुवारीतले ते काही दिवस तुर्भे आणि गुलमर्ग एकाच पातळीवर होते. भाचीने ही बातमी इतिहासाच्या पुस्तकात चिकटवून ठेवली.

प्रवास

सरकारी संस्था सुमारे दोन आठवड्यांचे प्राथमिक वर्ग घेतात. गुलमर्गला एक आहे, मनालीलाही. आम्ही जानेवारी २०२६ मध्ये गेलो, अकरावीची परीक्षा कोण विचारतं म्हणून. तिकडे स्की भाड्याने मिळते. तरीही स्वतःचीच न्यायची असा हट्ट असेल तर पुढील सूचना. स्लॅलमची मोठ्या मुलींची स्की निदान १५५ सेंटीमीटरची; पिशवीत घातली की पावणेदोन मीटर. ती रिक्षात तिरकी बसते, एक टोक ड्रायव्हरच्या कानाजवळ. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ती उभी धरावी लागते. तुर्भे ते ठाणे या प्रवासात आम्हाला पडद्याचे रॉड, पीओपीची पट्टी, भजनाची वीणा आणि एकदा दबक्या आवाजात "बंदूक आहे का?" असं विचारण्यात आलं. भाचीने सगळ्यांना "हो" सांगितलं. एकटीने सांगायची सवय असावी, पुढे मुलाखती द्यायच्या असतात.

श्रीनगरहून टंगमर्ग, तिथून तेरा किलोमीटरचा घाट, मग गुलमर्ग, सुमारे २,६५० मीटर. टंगमर्गच्या रस्त्याला सफरचंदाच्या बागा उघड्या-बोडक्या उभ्या होत्या. गाडीवाल्याला मी सांगितलं की यांचा माल मी लिहितो. त्याने लगेच यंदाचा भाव विचारला आणि पुढचा तासभर आम्ही मुंबईच्या बाजाराला शिव्या देत वर गेलो.

शर्यतीचा दिवस

वर्गाच्या शेवटी शिकाऊंची छोटीशी शर्यत ठेवली होती. मैदानाच्या कडेचा बुटका उतार, वीस काठ्या. शर्यतीआधी मार्ग बघू देतात. काठ्यांच्या कडेने आडवं आडवं घसरत उतरायचं, पाठ करायचं. मार्ग पळून बघायचा नाही. नंतर वर जाऊन सगळे डोळे मिटून उभे राहतात आणि हातांनी हवेत वळणं घेतात. खालून बघताना मला वाटलं, एकाच वेळी पंधरा जणांच्या अंगात आलंय.

भाची नववी सुटली. पहिल्या पाच काठ्या मी मोजल्या. बाहेरचा पाय, बाहेरचा पाय, बस वळतेय तशी. सातव्या काठीला ती आत कलली. स्की एकीकडे, ती एकीकडे, आणि काठी मधोमध मान हलवत उभी. मला वाटलं संपलं. पण स्लॅलममध्ये चुकलेल्या काठीपर्यंत परत चढून जायला परवानगी असते, दुसऱ्याच्या वाटेत आलं नाही म्हणजे झालं. तिने स्की पायात अडकवली आणि खेकड्यासारखी आडवी आडवी चढायला लागली. चढणं लांबत गेलं. मागची मुलगी सुटायची थांबवून ठेवली होती. वरून कुणीतरी काश्मिरीत काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग तेच सगळे टाळ्या वाजवायला लागले. सातवी घेतली, उरलेल्या तेरा घेतल्या, आणि खाली येऊन तिने असा करकरीत चतकोर घातला की माझ्या बुटांवर बर्फ उडाला.

पहिल्या आलेल्या मुलीला ३८ सेकंद लागले होते, हिला एक मिनिट चोपन्न. म्हणजे बरोबर तिप्पट. मी खिशातली वही काढली. तीन वजा एक दोन, गुणिले ७३०.

"किती, मामा?"

"चौदाशे साठ. दंड वेगळा."

ती बुटाचा बकल सोडत होती. म्हणाली, "त्यातले चढायचे किती?"

सीझन संपल्यावर

आम्ही परत आलो तेव्हा फेब्रुवारी लागला होता. स्की ठेवताना तळाला जाड मेण लावा आणि या वेळी खरवडू नका. कडांवरूनही ओघळू द्या. खाडीचा वारा पोलादाला आठ दिवसांत तांबडं करतो, आणि पावसाळ्यात तर कपाटातल्या कुलुपालाही सोडत नाही. पिशवीची चेन थोडी उघडी ठेवा. स्की भिंतीला टेकवताना तळ एकमेकांना लावून, मध्ये रद्दीचा कागद घालून ठेवा. गाळ्यावरची पेटीतली लाकडी पट्टी चालते, पण तिला आधी खिळे नाहीत ना बघा. गणपतीनंतर मेण खरवडा, कानस काढा, नखावर बघा.

शंका असतील तर मला फोन करा. पण मार्चच्या शेवटापर्यंत. पुढे हापूसची आवक वाढते, मग मी दोन महिने कुणाचाच नसतो.